साभार पोहोचले

आमच्या महिला मंडळाच्या पावतीपुस्तकावर एक ओळ छापलेली आहे : ‘श्री./श्रीमती ……… यांजकडून रुपये (अक्षरी) ……… साभार पोहोचले.’ ‘यांजकडून’ हा शब्द आता बोलण्यात कुठे राहिलेला नाही. दोन वर्षांपूर्वी नवी पुस्तकं छापायला टाकली तेव्हा छापखान्यातल्या मुलानं विचारलं, “काकू, हे ‘यांच्याकडून’ करू का?” मी नको म्हटलं. का नको, ते त्याला तेव्हा धड सांगता आलं नाही.

हे पुस्तक पहिल्यांदा माझ्या हातात आलं त्याला आता अठरा वर्षं झाली. तोवर मंडळ म्हणजे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारची बैठक, संक्रांतीचं हळदीकुंकू, श्रावणात मंगळागौरीचे खेळ आणि उन्हाळ्यात एक सहल. त्याला मी कधीच नावं ठेवणार नाही. घरातल्या बाईला महिन्यातून दोन तास स्वतःचे म्हणून मिळणं ही लहान गोष्ट नव्हे, आणि पुढचं सगळं त्या दोन तासांतूनच उगवलं.

एका शनिवारी आमच्यातली एकजण उशिरा आली. सासरे न्हाणीघरात पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन होऊन दुसऱ्या दिवशी घरी यायचे होते. डॉक्टरांनी वॉकर, कमोडची खुर्ची, जमलं तर एअर बेड अशी यादी दिली होती. दोन-तीन महिन्यांची गरज, आणि त्यासाठी सगळं विकत घ्यायचं. ती हे सांगत असतानाच कोणीतरी म्हणालं, “अगं, आमच्या माळ्यावर वॉकर पडून आहे. आई गेल्यापासून तसाच आहे.” मग दुसरीनं कमोडच्या खुर्चीचं सांगितलं. तिसरीकडे कुबड्या होत्या. घराघरांतल्या माळ्यांवर एकेका आजारपणाची आठवण धूळ खात पडलेली, टाकवतही नाही आणि डोळ्यांसमोर नकोही. त्या आठवड्यात पाच-सहा वस्तू खाली आल्या, धुऊन पुसून एका सभासदाच्या गॅरेजमध्ये ठेवल्या गेल्या, आणि आमचं रुग्णसाहित्य केंद्र सुरू झालं. उद्घाटन वगैरे काही नाही. एक वही आणि एक कुलूप.

पण माळ्यावरचं ते किती पुरणार? एअर बेड लागत होते, चाकाची खुर्ची लागत होती, डोक्याकडची बाजू वर उचलणारा फाउलर बेड लागत होता. म्हणजे पैसे लागत होते. तेव्हाच्या आमच्या खजिनदार काकूंनी पर्समधून पावतीपुस्तकं काढली आणि पत्ते वाटावेत तशी वाटली. काकू शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. “प्रत्येकीनं वीस घरं,” एवढंच म्हणाल्या.

मी ते पुस्तक पिशवीत तळाला ठेवलं आणि वर मेथीची जुडी ठेवली. आमच्या घरात कोणाच्या दारात काही मागायला जाण्याची पद्धत नव्हती. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्या एकच वाक्य बोलल्या, “लोक काय समजतील?” ते वाक्य माझ्याबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत चालत आलं. पहिल्या घराची बेल वाजवताना आत कोणी नसावं असंच मनापासून वाटत होतं.

घरात माणसं होती. तिथल्या वहिनींनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ह्यांना विचारून सांगते.” दुसऱ्या घरी तेच. चौथ्या घरी तेच. मी काकूंकडे जाऊन म्हटलं, लोक नाही म्हणतायत. काकू म्हणाल्या, “नाही कुठे म्हणाले? विचारून सांगते म्हणाले. मग परवा जा आणि विचारलंत का, ते विचार.” अठरा वर्षांत निधी जमवण्याबद्दल ऐकलेला याहून कामाचा सल्ला मला आठवत नाही. बहुतेक लोक नाही म्हणत नाहीत. दुसऱ्यांदा कोणी येत नाही, म्हणून द्यायचं राहून जातं.

परवा गेले. त्या वहिनींनी ‘ह्यांना’ विचारलंच नव्हतं. माझ्याकडे बघून त्या जरा वेळ थांबल्या, आत गेल्या, डब्याचं झाकण वाजलं, आणि पन्नासाची नोट घेऊन आल्या. नोटेला तुरीच्या डाळीची बारीक पूड लागलेली होती. मी सवयीनं ‘श्री.’ पुढे त्यांच्या यजमानांचं नाव लिहायला घेतलं. त्या म्हणाल्या, “माझ्या नावानं करा. माझे आहेत.” मी ‘श्री.’ खोडलं, ‘श्रीमती’ खाली रेघ ओढली आणि त्यांचं नाव लिहिलं. ती पावती त्यांनी दोन्ही हातांत धरून वाचली. एका ओळीची पावती, पण त्यांनी ती बराच वेळ वाचली. वीजबिल, शिधापत्रिका, गॅसचं कार्ड, घरात येणारा प्रत्येक कागद तेव्हा दुसऱ्या कोणाच्या तरी नावानं येत असे.

पुढे कधीतरी मी आपल्याकडच्या बायकांनी जमवलेल्या पैशांबद्दल वाचायला लागले, तेव्हा त्या वहिनी सारख्या आठवत राहिल्या.

पार्वतीबाई आठवले कोकणातल्या देवरुखच्या. महर्षी अण्णासाहेब कर्व्यांनी 1893 मध्ये ज्यांच्याशी पुनर्विवाह केला त्या आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, ही त्यांची सख्खी बहीण. पार्वतीबाईही ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. अण्णांनी 1896 मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, 1900 मध्ये तो पुण्याजवळ हिंगण्याच्या माळावर नेला, आणि या आश्रमासाठी गावोगाव हिंडून, सभांतून बोलून पैसे जमवण्याचं काम पार्वतीबाईंनी वर्षानुवर्षं केलं. त्या काळात सकाळी बाहेर पडताना विधवा समोर आली तर लोक माघारी फिरत. अशी बाई दारात उभी राहून मागत होती, तेही स्वतःच्या पोटासाठी नाही, इतर विधवांना शिकता यावं म्हणून. माझ्यासमोर दारात ‘लोक काय समजतील’ एवढंच उभं होतं. त्यांच्यासमोर काय उभं असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते. 1918 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या तेव्हा इंग्रजी जेमतेमच येत होतं. तिथे लोकांच्या घरची कामं करत त्यांनी भाषा शिकून घेतली, आश्रमासाठी मदत मिळवली, आणि 1920 मध्ये परत आल्या.

त्यांच्याही आधी पंडिता रमाबाई. 1882 मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढणाऱ्या रमाबाई पुढे अमेरिकेत गेल्या, तेव्हा 1887 मध्ये बोस्टनला त्यांच्या कामासाठी एक मंडळी उभी राहिली. सभासदांनी वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा आणि तो दहा वर्षं द्यायचा, अशी योजना होती. मला त्यातलं ‘दहा वर्षं’ फार महत्त्वाचं वाटतं. भाषण ऐकून भारावलेल्या माणसाकडून त्याच दिवशी मोठी रक्कम घेता येते. पण घर चालवायचं असेल तर दर वर्षी येणारा एक डॉलर हवा. त्या भरवशावर 1889 च्या मार्चमध्ये मुंबईला चौपाटीजवळ विधवांना आसरा आणि शिक्षण देणारं शारदा सदन उघडलं. बाया कर्वे त्याच शारदा सदनात शिकलेल्या. एका दारातून दुसरं दार उघडलं, ते असं.

आणि मग हिंगण्याचा भाऊबीज निधी. ज्या कोणाला हे सुचलं त्याला माझा नमस्कार. संस्थेचे कार्यकर्ते आणि तिथून शिकून गेलेल्या मुली दिवाळीच्या सुमाराला लोकांकडे जातात आणि आश्रमातल्या बहिणींसाठी ओवाळणी मागतात. वर्गणी नाही, मदत नाही, ओवाळणी! भावानं ताटात टाकायचीच असते. मागणाऱ्याची मान खाली जात नाही आणि देणाऱ्याच्या मनात उपकाराची भावना येत नाही. शंभरेक वर्षं ही प्रथा टिकून आहे. घरोघरची थोडी थोडी रक्कम, आणि त्यावर किती मुलींची शिक्षणं झाली. मोठ्या देणग्यांचं मोल मी कमी करत नाही. कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसींनी 1920 मध्ये आपल्या आईच्या, नाथीबाईंच्या नावानं 15 लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला पाया मिळाला. पण 15 लाख देणारा माणूस एका पिढीत एखादाच भेटतो. ओवाळणी टाकणारे दर दिवाळीला भेटतात.

सिंधुताई सपकाळांचं भाषण ज्यांनी ऐकलंय त्यांना त्याचा शेवट आठवत असेल. लोक रडत असायचे आणि माई पदर पसरायच्या. मी एकदा गर्दीत मागे उभी राहून ते पाहिलं. शाल, श्रीफळ, हार, सत्कार सगळं झालेलं असताना ही बाई व्यासपीठावरून सरळ लेकरांसाठी मागत होती आणि त्यात संकोचाचा लवलेश नव्हता. घरी येऊन मी पावतीपुस्तक मेथीखालून काढलं, असं म्हणायला हरकत नाही. त्यानंतर ते कायम हातात राहिलं.

बायकांच्या क्लबांचा इतिहास बाहेरही असाच घरातून निघालेला दिसतो. 10 जानेवारी 1924 ला इंग्लंडमधल्या मँचेस्टरला मार्गारेट गोल्डिंग यांच्या पुढाकारानं इनर व्हीलची सुरुवात झाली. रोटरी या समाजसेवी क्लबात तेव्हा फक्त पुरुष सभासद, आणि त्यांच्या कामाला हातभार लावणाऱ्या त्यांच्या बायकांनी शेवटी आपली वेगळी संघटना बांधली. रोटरीनं बायकांना सभासद करून घेण्याचा नियम जगभरासाठी केला तो 1989 मध्ये. म्हणजे मधली पासष्ट वर्षं या बायका कोणाची वाट न बघता कामं करत राहिल्या.

आमच्याकडे निधीसाठी आम्ही जे जे केलं त्यातलं सगळंच जमलं असं नाही. एका वर्षी नाटकाचा प्रयोग घेतला. देणगी प्रवेशिका छापल्या, स्मरणिका काढली, तिच्या जाहिरातींसाठी बाजारपेठेतलं एकेक दुकान पालथं घातलं. एका मोठ्या देणगीदारानं मलपृष्ठाची जाहिरात तोंडी कबूल केली, मजकूर दिला, छापून घेतला, आणि पैसे मात्र कधीच आले नाहीत. सहा महिने चकरा मारल्या. नाट्यगृहाचं भाडं, कलाकारांचं मानधन, ध्वनिव्यवस्था, छपाई हे सगळं वजा केल्यावर हातात आलं ते इतकं थोडं, की तितकं आम्ही दोन शनिवारी दारोदार फिरून जमवलं असतं. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय, आणि बैठकीत मी ते दरवेळी मांडते : ज्या कार्यक्रमाचा खर्च जमलेल्या रकमेच्या निम्म्यावर जातो, तो कार्यक्रम निधीसाठी आहे असं म्हणू नये. करमणुकीसाठी करा, आनंदानं करा, मी पण येईन. पण प्रवेशिकेवर ‘मदतीसाठी’ छापू नका. ज्यानं पाचशे रुपये दिले त्यानं ते एअर बेडला दिले, पडद्याच्या भाड्याला नाही.

आनंदमेळा मात्र आम्हाला लाभला. शाळेचं मैदान सुट्टीच्या दिवशी फुकट मिळतं, टेबलं सभासदांच्या घरची. पैसे थेट स्टॉलवर द्यायचे नाहीत, दारात कुपनं घ्यायची. रात्री मैदान रिकामं झालं की आम्ही सतरंजीवर गोल बसतो आणि कुपनं मोजतो. दहाची गुलाबी, वीसची पिवळी. भज्यांच्या स्टॉलची कुपनं तेलानं चिकटलेली असतात, ती नखानं एकेक सुटी करावी लागतात. उसाच्या रसवाल्या वहिनींची ओली, त्यांना वर्तमानपत्रावर पसरून ठेवायचं. पन्नास पन्नासचे गठ्ठे, रबर, वर चिठ्ठी. एक गठ्ठा दोघींनी मोजायचा, आणि दोघींचे आकडे जुळल्याशिवाय तिसरीनं वहीत लिहायचं नाही. पाय आखडलेले, कोणीतरी उरलेल्या मसालेभाताचं पातेलं मधोमध आणून ठेवतं, आणि हात न थांबवता सगळ्या खातात. वर्षातली माझी सगळ्यात आवडती रात्र ती.

एका वर्षी दोनशे रुपये जुळेनात. कुपनं विकलेली आणि रोख यांत दोनशेचा फरक. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. एकजण म्हणाली, मी घालते दोनशे, आटपा. काकूंनी तिचा हात धरला. “तू घातलेस की हिशेब जुळेल, चूक सापडणार नाही.” पुन्हा पहिल्यापासून मोजलं. एका चिठ्ठीवरच्या आकड्यात दशकाच्या घरातला सात पाच असा वाचला गेला होता, म्हणजे दहाची वीस कुपनं कमी धरली होती. सव्वाबारा झाले होते. त्या रात्री त्या दोनशे रुपयांसाठी आम्ही बारा बायका जागलो, आणि पुढच्या वर्षी त्या बारांपैकी एकीच्याही दारात कोणी हिशेब मागितला नाही. गावाला अशा गोष्टी कशा कळतात कोण जाणे, पण कळतात.

नोंदणी झाल्यापासून कागदांचा व्याप वाढला. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दर वर्षी लेखापरीक्षण केलेले हिशेब द्यायचे, आयकरातली सवलत हवी असेल तर 2000 रुपयांवरची देणगी रोखीनं चालत नाही हे समजावून सांगायचं, चेक घ्यायचा. नव्या मुली या कटकटीला कंटाळतात. मला ती कटकट वाटत नाही. आपण लोकांच्या पैशांना हात लावतो आहोत याची आठवण त्या कागदांनी राहते. आता क्यूआर कोड लावलाय, त्यावर पैसे पटकन येतात. तरी त्या प्रत्येकाची हातानं पावती करून ती पोचवायची असा नियम आम्ही ठेवला आहे. फोनवर पैसे येतात तेव्हा नुसता आकडा येतो. पावती द्यायला गेलं की माणूस भेटतो, आणि बहुतेक वेळा त्याच्या घरात कोणाला काय झालंय ते कळतं. आमच्या गॅरेजमधली निम्मी सामग्री कोणाला हवी हे आम्हाला असंच कळलेलं आहे.

वस्तू देताना आम्ही अनामत घेतो. वस्तू परत आली की अनामत परत, भाडं काही नाही. मात्र परत आलेल्या वस्तूबरोबर काय बातमी येईल हे सांगता येत नाही. कधी वॉकर घेऊन स्वतः आजीच येतात, चालत. कधी महिन्याभरानं मुलगा येतो, चाकाची खुर्ची रिक्षातून उतरवतो, आणि आपल्याला काही विचारावं लागत नाही. अशा वेळी पुष्कळ जण अनामत परत घेत नाहीत. ‘राहू द्या’ म्हणतात. ही देणगी आम्ही कधीच मागत नाही. तिच्याबद्दल सुचवायचंही नाही असं काकूंनी पहिल्याच वर्षी बजावून ठेवलंय. पाकिटात पूर्ण रक्कम तयार ठेवायची, वस्तू आली की आधी पाकीट पुढे करायचं, मग बोलायचं.

गेल्या भाद्रपदात एक आजोबा आले. त्यांच्या पत्नीसाठी एअर बेड नेलेला होता, सात महिन्यांपूर्वी. बेड त्यांनी स्वतः धुतला होता, सावलीत वाळवला होता, घडी घालून चादरीत बांधला होता. पंपाची नळी वेगळी गुंडाळून तिला दोरा बांधला होता. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, उघडलं, नोटा मोजल्या, आणि खिशातून आणखी एक नोट काढून त्यात ठेवून पाकीट परत माझ्याकडे दिलं.

“पावती करा,” म्हणाले.

मी पुस्तक उघडलं, कार्बन सरकवला, आणि वहीत बघून त्यांचं नाव लिहायला लागले.

“माझं नको. तिच्या नावानं.”

मी थांबले. गेलेल्या माणसाच्या नावानं पावती करताना ‘स्मरणार्थ’ असं लिहितात. ते खालच्या ओळीत, वर देणाऱ्याचंच नाव. मी तसं सांगितलं. आजोबा म्हणाले, “ते माहीत आहे मला. पण पैसे तिचेच आहेत. भाऊबीजेचे, वाढदिवसाचे, माहेरून आलेले. डब्यात ठेवायची. बेड न्यायला आलो तेव्हा अनामत तिनंच काढून दिली होती. म्हणाली, तुमचे कशाला.”

नियम मला माहीत होता, पण पुस्तकात मी त्यांनी सांगितलं तेच लिहिलं. ‘श्रीमती’ खाली रेघ ओढली, आजींचं पूर्ण नाव लिहिलं, पुढे छापील ‘यांजकडून’. रुपये अक्षरी. साभार पोहोचले. खालच्या तपशिलाच्या ओळीत काय लिहू असं विचारलं, तर ते म्हणाले, “काही लिहू नका.” मग जरा थांबून, “बेड कोणाला लागणार आहे का लगेच?”

लागणार होता. खालच्या आळीतल्या एका मावशींचा मुलगा सकाळीच विचारून गेला होता. आजोबांनी चादर सोडली, नळीचा दोरा सोडला, आणि पंप कुठे कमी करायचा, कुठे वाढवायचा ते मला नीट करून दाखवलं. उजवीकडचा खटका जरा घट्ट आहे, तो आधी वर उचलून मग फिरवायचा, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी ते वहीत लिहून घेतलं.